साखळीच्या पुढच्या टोकाला दत्ताराम भुवड

दत्ताराम भुवड आमच्या सर्व्हे कंपनीत बावीस वर्षं चेनमन आहेत. सर्व्हेयर यंत्रामागे उभा असतो तेव्हा समोर दोनतीनशे मीटरवर जो माणूस काठी धरून उभा दिसतो, तो चेनमन. काठी सरळ हवी आणि तिचं टोक जमिनीवरच्या खुणेवरून हलता कामा नये. ऑगस्टच्या दुपारी, वाळू उडत असतानाही, दत्तारामभाऊंची काठी थरथरलेली मी यंत्रातून कधी पाहिली नाही. ते गुहागर तालुक्यातले. बायको कावेरी गावी, मुलगी विनिता चिपळूणला नर्स. इथे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात कंपनीच्या इमारतीत पाच जणांच्या खोलीत राहतात. मी सर्व्हेयर असले तरी निम्मं काम त्यांच्याकडूनच शिकले. तरी ते मला मॅडमच म्हणतात.

मागच्या वर्षी डिसेंबरात आमच्याकडे एक वेगळं काम आलं. अमेरिकन फुटबॉलची नवी व्यावसायिक लीग सुरू होणार होती. चार संघ, जानेवारी ते मार्च, दर शनिवारी संध्याकाळी सामना. मैदानावरच्या रेषा आम्ही आखून द्यायच्या होत्या. आखणी चालू असताना हॉफमन नावाचे पिकल्या मिशांचे मुख्य पंच तिथे आले. त्यांनी बराच वेळ दत्तारामभाऊंना काठी धरताना पाहिलं आणि मला विचारलं, "हा माणूस आम्हाला शनिवारी मिळेल का?"

या खेळात दोन काठ्यांमध्ये बांधलेली दहा यार्डांची साखळी असते. ती मैदानाच्या कडेला धरून माणसं उभी राहतात. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे गेला की संघाला आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही गेला तर चेंडू दुसऱ्यांकडे. अंतराची शंका आली की साखळी आत नेऊन मोजतात.

हे भाऊंना समजावलं माझ्या मुलीनं, दियानं. ती चौदा वर्षांची, जन्म इथलाच. "अंकल, इट्स सिम्पल. फोर चान्सेस, टेन यार्ड्स. बाकी सब छोड दो."

"दहा यार्ड म्हणजे तीस फूट," भाऊ म्हणाले. "नऊ मीटर चौदा सेंटीमीटर. तेवढं जमेल."

पहिल्या सामन्याच्या आधी त्यांनी खिशातून स्टीलची टेप काढून ती साखळी मोजली. दोन सेंटीमीटर जास्त भरली. हॉफमनना आधी हसू आलं, मग त्यांनी स्वतः टेप धरून पाहिलं आणि गुपचूप एक कडी काढायला लावली. त्या दिवसापासून ते भाऊंना 'मिस्टर दत्ता' म्हणू लागले.

पुढची काठी भाऊंकडे, मागची किसनकडे. किसनही आमच्याच कंपनीतला, जतचा, जरा बडबड्या. दुबई मरीनर्स हा घरचा संघ पहिले दोन सामने हरला. लोक ओरडत होते, ढोल वाजत होते. भाऊ लीगनं दिलेल्या काळ्यापांढऱ्या जाकिटात सरळ उभे. साखळीवाल्यांनी टाळी वाजवायची नसते, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

तिसऱ्या सामन्यात अपघात झाला. खेळाडू कडेकडे धावत आले की काठी टाकून मागे सरायचं, असा नियम होता. मरीनर्सचा डेल्विन हा एकशे दहा किलोचा गडी चेंडू घेऊन सरळ भाऊंच्या अंगावर आला. किसन ओरडला. भाऊंनी काठी सोडली नाही. दोघंही काठीसकट बाकड्यापर्यंत घरंगळत गेले. भाऊंच्या डाव्या मनगटाचं हाड चिरलं. चार आठवड्यांचं प्लास्टर.

हॉस्पिटलातून त्यांना घेऊन येताना मी चिडून विचारलं, "भाऊ, सोडायची ना काठी. सांगितलं होतं ना?"

"हात सुटलाच नाय, मॅडम," ते म्हणाले. "सोडली की जमिनीवरचा पॉइंट गेला. बावीस वर्षांची सवय ती."

पुढच्या शुक्रवारी डेल्विन त्यांच्या खोलीवर आला. संघाची राहायची सोयही तिथेच, दोन रस्ते पलीकडे होती. मीही भाऊंचा डबा घेऊन गेले होते. दारात त्याला वाकावं लागलं. हातात खजुराचा डबा आणि ८४ नंबरची जर्सी, जिच्यात भाऊ दोनदा मावले असते. खोलीतला रिझवान हैदराबादचा, त्याचं इंग्रजी बरं, तो मध्ये बसला. खाली वर्तमानपत्र पसरलं, बांगड्याचं कालवण आणि भात वाढला. डेल्विन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खात राहिला आणि त्यानं पुन्हा मागून घेतलं.

त्याचं वय एकोणतीस. ही त्याची तिसरी लीग. आधीच्या दोन्ही लीग एकेका हंगामातच बंद पडल्या होत्या. ओहायोत तो पार्सलच्या गोदामात माल चढवतो. पाच वर्षांची मुलगी आहे, तिच्या आईकडे असते. इथे चांगला खेळला तर पुढचा करार, नाहीतर मार्चअखेर व्हिसा संपला.

रिझवाननं हे सांगितल्यावर भाऊंनी डेल्विनच्या पानात आणखी भात वाढला. मग मला म्हणाले, "एवढा मोठा माणूस, पण त्याचंही आपल्यासारखंच. कंपनी म्हणेल तोवर."

नंतर तो आणखी दोनतीनदा आला. भाऊ प्लास्टर घालून सामन्यांना जायचे, प्रेक्षकांत बसायचे. तिथे मात्र ८४ नंबरकडे चेंडू गेला की ते अर्धवट उठायचे, असं दियानं मला सांगितलं. "मम्मा, ही इज अ टोटल फॅन."

मरीनर्सनी लागोपाठ तीन सामने जिंकले. मग एक गेला, एक आला. शेवटचा साखळी सामना अबू धाबीच्या संघाशी होता. जिंकले तर अंतिम फेरी. भाऊंचं प्लास्टर निघालं होतं. मी हॉफमनना विचारलं की दुसऱ्या कुणाला उभं करायचं का. भाऊंनी ते ऐकलं. "का? हात बरा झालाय," एवढंच म्हणाले.

शेवटचं दीड मिनिट. मरीनर्स चार गुणांनी मागे, चौथा प्रयत्न, तीन यार्ड हवेत. चेंडू डेल्विनकडे आला. त्यानं तो छातीशी घेतला, दोघं जण त्याच्या पाठीवर, आणि तो हात लांबवून आडवा पडला. पंचांनी चेंडू गवतावर ठेवला. अंतर डोळ्यांना कळेना. हॉफमननी साखळी आत बोलावली.

मी आणि दिया तिसऱ्या रांगेत होतो. साखळीवर आधीच लावलेली मधली खूण हॉफमननी मैदानावर आखलेल्या रेषेवर पायानं दाबून धरली. मागे किसन. पुढची काठी घेऊन भाऊ चेंडूपाशी आले. आता साखळी किती ताणायची ते पुढच्याच हातात. किंचित सैल राहिली असती तर काठी चेंडूच्या अलीकडे टेकून दहा यार्ड पुरे ठरले असते आणि एवढ्या गर्दीत कुणाच्या लक्षात आलं असतं की नाही, सांगता येत नाही. डेल्विन गुडघ्यावर बसून त्यांच्याकडे बघत होता.

भाऊंनी साखळी ताणली, काठी सरळ केली आणि टेकवली. चेंडूचं टोक चार बोटं मागे राहिलं.

अबू धाबीवाल्यांनी उड्या मारल्या. डेल्विननं कपाळ गवताला टेकवलं. भाऊ काठी उचलून आपल्या जागेवर गेले आणि उरलेलं मिनिटभर उभे राहिले.

गाडीत किसनला राहवलं नाही. "भाऊ, जराशी ढील दिली असती तर काय झालं असतं? आपलाच माणूस होता."

"किसन, गप," मी म्हणाले.

"बोलू द्या त्याला," भाऊ म्हणाले. मग म्हणाले, "माझ्याही मनात आलं होतं. साखळी हातात घेईपर्यंत मनात होतं." हातातलं जेवणाचं पाकीट त्यांनी उघडलंच नाही.

डेल्विनचा करार पुढे वाढला नाही. गुरुवारी दुपारचं विमान होतं. बुधवारी भाऊंचा फोन आला. मला त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. "मॅडम, त्याला एकदा भेटायचंय. माझ्याच्यानं इंग्लिशमध्ये धड बोलवणार नाय."

आम्ही गेलो तेव्हा तो बॅगा भरत होता. त्यानं खुर्ची पुढे केली, पण हसला नाही. भाऊ उभेच राहिले. "सांगा त्याला, मला वाईट वाटतं. पण जेवढं होतं तेवढंच धरलं."

मी सांगितलं. डेल्विन पलंगाच्या कडेवर बसला.

"मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला," तो म्हणाला. "कमीच होतं. तुम्ही चुकला असतात तर मला बरं वाटलं असतं. कुणावर तरी रागावता आलं असतं."

मी ते मराठीत सांगितलं. भाऊ खाली बसले, त्याच्या बॅगेची न लागणारी चेन त्यांनी दोन्ही बाजूंनी दाबून धरली आणि त्याला ओढायला खूण केली. मग दोघांनी मिळून दुसरी बॅगही बंद केली. निघताना डेल्विननं त्यांना जवळ घेतलं. भाऊंचं डोकं त्याच्या छातीपर्यंतच पोचलं.

सप्टेंबरात दुसऱ्या हंगामाची नावं लागली. दियानं फोनवर चारही संघांच्या याद्या खालपर्यंत वाचून दाखवल्या. "नो डेल्विन, अंकल. सॉरी."

भाऊंनी मान हलवली. मग दियाकडूनच व्हॉइस मेसेज पाठवायला शिकले. फोन तोंडाजवळ धरून, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "डेल्विन, हबीबी. दत्ता स्पीकिंग. यू गुड? डॉटर गुड? यू कम, माय रूम. इन्शाल्ला." आणि पुढे घाईघाईनं मराठीत, "खात जा रे नीट."

उत्तर दुसऱ्या दिवशी साईटवर आलं. मागे गोदामातल्या माल वाहणाऱ्या पट्ट्यांचा घरघराट होता, आणि डेल्विन सांगत होता की पोरीला तो रविवारी चेंडू झेलायला शिकवतोय, तिच्या हातात अजून तो मावत नाही. दत्तारामभाऊंनी ते मला तीनदा ऐकवलं. शेवटच्या 'येट' या शब्दाचा अर्थ विचारून घेतला, मी 'अजून' म्हटल्यावर फोन खिशात टाकला आणि काठी घेऊन पुढच्या खुणेकडे चालू लागले.