कुलपातलं गणित

पहिलीच्या बाईंना अख्खी शाळा ‘झाकणवाल्या बाई’ म्हणायची. बावीस वर्षं त्यांनी बाटल्यांची झाकणं, तुटकी बटणं आणि दहा-दहा काड्यांच्या जुड्या यांवर पोरांना गणित शिकवलं. तेरातून सात काढायचे, तर पोरं जुडीचं रबर सोडून काड्या सुट्या करायची. हातचा म्हणजे काय, ते बोटांनाच कळायचं.

तपासणीच्या आठवडाभर आधी हेडमास्तरांनी ते सगळं भंगार म्हणून फेकून दिलं. वरून आलेली गणिताची नवीकोरी खेळणी त्यांनी वर्गातल्या काचेच्या कपाटात मांडली आणि खराब होऊ नयेत म्हणून कुलूप ठोकलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मग मी शिकवू कशानं, कपाळानं?”

“फळा आहे ना,” हेडमास्तर म्हणाले, आणि काचेला नाक लावणाऱ्या पोरांवर खेकसले.

तपासणीचे साहेब कपाट बघून खूश झाले. पुढच्या बाकावरच्या चिमुरडीला त्यांनी विचारलं, “या खेळण्यांतून काय शिकलीस?”

“हात लावायचा नाही,” ती म्हणाली.

हेडमास्तरांनी बाईंकडे बघून डोळे वटारले. चुकीचं उत्तर बाई कधीच तसं सोडत नसत. हे त्यांनी सोडलं, कारण ते बरोबर होतं.