दारात उभं राहून "आत या" म्हणणारा

दुसऱ्याच्या दारात उभं राहून हा माणूस घरमालकालाच म्हणायचा, "आत या! आत आल्याशिवाय कळणार नाही." आणि उजवा हात असा पसरायचा, जणू मंगल कार्यालयाच्या दाराशी वधूपिता उभा आहे. आत म्हणजे त्याच्या वेबसाइटच्या आत. असा एखादा तुमच्याही दारात आला असेलच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. डोंबिवलीत माझा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटरच्या रांगेच्या शेवटी मी इंटरनेट असलेला एक कॉम्प्युटर ठेवला होता. आमच्याच इमारतीतल्या, कंपनीतून लवकर निवृत्ती घेतलेल्या ह्या गृहस्थाने त्यावर दुकान थाटलं: वधू-वरांची वेबसाइट. वर्गणी भरली तर फोटो. फुकट्यांना उंची, शिक्षण आणि चेहऱ्याच्या जागी काळा चौकोन. खाली ओळ, "चेहरा पाहण्यासाठी सभासद व्हा."

काम सगळं त्याची मुलगी करायची. शुभदा माझ्याच क्लासमध्ये शिकवायची. बाप माउस दोन्ही हातांनी धरायचा, लाटणं धरावं तसा.

तळमजल्यावरच्या काकू एकदा त्याला म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे कॉम्प्युटर नाही."

"मॅडमच्या क्लासमध्ये आहे ना!"

"म्हणजे आत यायचं ते हिच्याकडेच? मग मी रोजच येते की."

तो हरला नाही. संक्रांतीला बायकोच्या हळदीकुंकवात त्याने वाण म्हणून सभासदत्वाची कार्डं वाटायला लावली. वर्षभर फुकट, प्रत्येकीच्या कार्डावर तिचा नंबर. वाण परत करायचं नसतं, त्यामुळे कुणाला नको म्हणता येईना. जिन्यात एक बाई पुटपुटली, "गेल्या वर्षी निदान गाळणी दिलेली." माझं कार्ड मी घडी करून कॉम्प्युटरच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलं. तेवढा त्याचा उपयोग झाला.

त्याच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं असे, "जातीची अट नाही." ठाण्यापासून कल्याणपर्यंत त्याने ह्यावर भाषणं ठोकली. लोक टाळ्या वाजवत. मी नाही वाजवल्या. अट काढली की गिऱ्हाईक वाढतं, एवढं मलाही कळत होतं.

मग शुभदाने स्वतःचं स्वतः ठरवलं. मुलगा कळव्याचा, बौद्ध घरातला, आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला यायचा. शांत, कामाचा. बाप भर क्लासमध्ये ओरडायला आला. टाइपरायटर थांबले.

"बाबा, तुम्हीच छापलंय ना, जातीची अट नाही?"

"अगं, ते सभासदांसाठी आहे!"

"मग मी कोण? पहिला नंबर माझाच टाकलाय तुम्ही."

हे खरं होतं. पहिलं स्थळ म्हणून त्याने पोरीची मर्जी न विचारता तिचा फोटो तिच्याच हातून चढवून घेतला होता.

"माझ्या दाराची पायरी चढू नकोस," तो म्हणाला.

तिने नोंदणी पद्धतीने लग्न केलं. साक्षीदार म्हणून सही मी केली. त्यानंतर तो मला जिन्यात ओळख देईना. माझं काही अडलं नाही.

काही महिन्यांनी मात्र तो क्लासमध्ये आला. हात पसरला नाही.

"मॅडम, तिचा फोटो काढून टाकायचाय. लोक विचारतात, हिचं अजून जमलं नाही का."

"मग काढा."

"पासवर्ड तिच्याकडे आहे."

"फोन करा तिला."

"ते सोडून बोला."

मी साइट उघडून दिली. पहिलाच नंबर. उंची, शिक्षण, काळा चौकोन. खाली त्याचीच ओळ. तो चौकोनाकडे बघत बसला. मला पुढची बॅच घ्यायची होती. मी वाकून टेबलाच्या पायाखालचं कार्ड ओढलं, धूळ झटकली आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"फोटो काढता येणार नाही. दिसेल तेवढा."

त्याने एका बोटाने कार्डावरचा नंबर दाबला. चेहरा वरून खाली हळूहळू उतरत आला: भांग, कपाळ, डोळे. शुभदा त्यात हसलेली नव्हती. फोटो काढायचा म्हणून बसवलेली होती.

त्याने खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. मग म्हणाला, "ह्याचा प्रिंट निघेल?"

आमचा प्रिंटर जुना, ठिपक्यांचा. करकरत निघालेल्या त्या कागदावर पोर ओळखू येत नव्हती. त्याने तो घडी घालून खिशात ठेवला. प्रिंटचे पैसे मी घेतले.

तो कळव्याला गेला असेल, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही क्षणभर वाटलं होतं, म्हणून शुभदाला विचारलं. "नाही आले," ती म्हणाली. आई मात्र यायची, त्याला न सांगता. पुढे तो पुण्याला मुलाकडे राहायला गेला आणि साइट बंद पडली. कार्ड तो त्याच दिवशी घेऊन गेला होता. वाण परत घेणारा तेवढाच एक माणूस मी पाहिला.

टेबल अजून डुगडुगतं.