अंजनाबाई टोकाला उभ्या

नागपुरातल्या हुडकेश्वरचा संघपाल आणि लकडगंजचा मी, दोघेही लग्नाचे फोटोवाले. दहा वर्षांत आमचं भांडण एकच. माझी वाइड लेन्स कॅमेऱ्याच्याच कंपनीची, त्याची भलत्याच कुठल्या तरी कंपनीची, स्वस्तातली. मला त्याच्या लेन्सचा आधीपासून राग. मधली माणसं झकास यायची, पण टोकाची पुसट, आणि चेहरे बाजूला ओढलेले. महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार, असं मी त्याला चारचौघांत ऐकवायचो.

"लोक मोबाइलवर फोटो पाह्यतात गा मधुभाऊ," तो म्हणायचा. "कोपरे कोण तपासते? अन् माह्या लेन्सीत बावीस माणसं मावतात, तुह्या लेन्सीत पंधरा."

ते मात्र खरं होतं. भिंतीला पाठ लावली की त्याच्या फोटोत अख्खं घर मावायचं. मला मागे सरकायला जागा लागायची.

टोकाच्या दोषावर त्याने तोडगाही काढला होता. गिऱ्हाईक मध्ये घ्यायचं आणि टोकाला असा माणूस उभा करायचा, जो कधी तक्रार करणार नाही. परक्याच्या लग्नात नवरदेवाचे मित्र. घरच्या कार्यात त्याची आई, अंजनाबाई. "माय, तू टोकाले," म्हटलं की त्या निमूट जायच्या. बारसं असो की वाढदिवस, उजवं टोक त्यांचंच. एकटीचा फोटो काढतो म्हटलं तर हात हलवायच्या, "माहा काय काढतं? तुह्या पोरीचा काढ." आणि घरात फोटोवाला असल्यावर बाकीचे कशाला मोबाइल काढतात?

गेल्या मंगळवारी अंजनाबाई गेल्या. सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. शनिवारी दुपारी संघपाल पेनड्राइव्ह घेऊन माझ्या दुकानात आला. दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची बुद्धवंदना होती आणि बुद्धमूर्तीशेजारी ठेवायला मायचा एक मोठा फोटो हवा होता.

आम्ही बारा फोटोंतून अंजनाबाई कापून काढल्या. लहान होत्या तोवर बऱ्या दिसत होत्या. मोठ्या केल्या की गाल कानापर्यंत ताणलेला, डोळ्यांच्या जागी नुसता डाग. मी गाल आत ओढला, रेषा ठळक केल्या. शेवटी कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने नवे डोळे बसवून दिले. संघपाल बराच वेळ पाहत राहिला.

"हे माही माय नाही गा," तो म्हणाला. "मीच तिले टोकाले उभी करत होतो."

दहा वर्षांचं भांडण मी जिंकलो होतो आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मग त्यालाच आठवलं. त्याच्या धाकट्या भावाच्या, रोशनच्या लग्नात तो घरचा म्हणून फोटोत उभा होता आणि फोटो मी काढले होते. "तुह्या लेन्सीचा एखादा असंल ना?" त्याच्या आवाजात एकदम जीव आला. मी त्या लग्नाचे फोटो चाळले; बाकी सगळीकडे अंजनाबाई पाठमोऱ्या नाहीतर गर्दीत, उरला तो घरच्यांचा एकच फोटो. पंधरा माणसं, पापण्या मोजाव्यात इतकी स्वच्छ. उजव्या टोकाला चौकटीत फक्त एक हात आला होता, कोपरापासून बोटांपर्यंत. हातावर गोंदलेलं 'अंजना' स्पष्ट वाचता येत होतं.

मला आठवलं. मीच म्हणालो होतो, "मावशी, जरा बाजूले व्हा, मावून नाही राहिलं." त्या हसून बाजूला झाल्या होत्या.

हे मी संघपालला सांगितलं. त्याने स्क्रीनवरच्या त्या हातावर आपला हात ठेवला आणि बसून राहिला. मला वाटत होतं, त्याने शिवी तरी द्यावी.

रविवारी त्याने त्याच्याच लेन्सचा फोटो ठेवला, पोस्टकार्डाएवढा. त्याहून मोठा केला की अंजनाबाई अंजनाबाई राहत नव्हत्या. मागे बसलेल्यांना तो दिसत नव्हता. जो तो फुलं वाहायला जाई तो वाकून, डोळे बारीक करून बघे. मीही वाकलो, तेव्हा त्या ओळखू आल्या. "मावशी, मधात या," एवढंच म्हणायचं होतं, आणि ते म्हणायला आम्हा दोघांना दहा वर्षं मिळाली होती.