आजीचा साहेब बाप

"आणि त्याची लहान मुलगीही त्याच साथीत मेली," सुनेनं कॉम्प्युटरवरचं इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं की फोन चालू आहे.

फोनवर माझी मावशी होती. नव्वदीची, कर्जतजवळच्या आमच्या गावात, ओट्यावर बसलेली. व्हिडिओ असला तरी ती फोन कानालाच लावते, म्हणून आम्हाला नुसता कान आणि पांढरे केस दिसत होते. त्या कानानं सगळं ऐकलं.

"ती मेली, तर मग माझी आई कोण?" मावशी म्हणाली.

जिला चर्चच्या जुन्या वहीत पाद्र्यानं मेली म्हणून लिहून ठेवलं होतं, ती मावशीची आई, म्हणजे माझी आजी. तिला मी पाहिलेलं आहे. लहानपणी ती मला नदीवर दगडानं घासून आंघोळ घालायची. मेलेली बाई इतक्या जोरानं घासत नाही. पण मग पाद्र्यानं लिहिलेली साहेबाची मुलगी दुसरीच कोणी असेल, आणि आजी साहेबाची नसेलच, असाही अर्थ निघत होता. मावशीला तोच लागला.

आजी गोरी होती, डोळे मांजरासारखे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घाटातल्या रेल्वेच्या दुरुस्तीचं काम चालू होतं तेव्हा तिची आई, म्हणजे माझी पणजी, तिथं खडी फोडायला जायची. कामावरच्या एका इंग्रज साहेबानं तिला ठेवून घेतलं आणि आजी झाली. पुढं साहेब बोटीत बसून पळाला आणि मायलेकींना टाकून गेला, असं गाव सांगायचं. आजीला सासरी "टाकलेल्याची" म्हणत. भाकरी करपली तरी टाकलेल्याची, मुलगी झाली तरी टाकलेल्याची. ती मरेपर्यंत हे चाललं. मावशीच्या शेजारी भाऊबंदांचं घर आहे, तिथली म्हातारी अजूनही भांडणात तो शब्द काढते. मावशीचं म्हणणं एवढंच होतं, "त्यानं आईला टाकली की नाही, ते मला मरायच्या आत सांगा. पैसाअडका नको, विलायत नको."

हे मी सुनेपाशी एकदा बोलले आणि तिनं ते काम अंगावर घेतलं. सून पुण्याची. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची तिची नोकरी आहे. घरातसुद्धा शोधते, ते मला आवडत नाही. पण हे काम तिनं केलं तसं दुसऱ्या कोणी केलं नसतं. सुट्टीच्या दिवशी मुलगा आणि नात उबीन बेटावर सायकली चालवायला जायचे आणि ही इथं परदेशात, पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून जुन्या पानांचे फोटो वाचायची. मुलगा म्हणाला, "तुझ्या माहेरचा तरी आहे का हा पणजोबा?"

"माझ्या माहेरी सगळे कारकून होते," ती म्हणाली. "हा बरा आहे. जाऊ दे, तुम्ही सायकल चालवा."

थुंकी पाठवली की रक्ताचं नातं कळतं, असंही तिनं मावशीला सुचवलं होतं. मावशी म्हणाली, "माझी थुंकी कुठं जाणार नाही." तो विषय तिथंच संपला.

खरी अडचण नावाची होती. साहेबाचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. पणजीनं ते कधी उच्चारलंच नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. लग्न लागलं नव्हतं तरी तिनं तो पाळला. पोरीपुढंसुद्धा "साहेब" म्हणायची. म्हणून सुनेला नावावरून शोधता येईना. तिनं घाटातल्या सगळ्या इंग्रज मयतांची पानं एकेक करून वाचली आणि आमच्या गावाचं नाव कुठं येतं ते पाहत राहिली. माझ्या चौथीच्या शिक्षणाला ते अक्षर वाचता येणं शक्य नाही, पण मी शेजारी बसून पाहिलंय. मुंग्यांची रांग बरी. आणि ही ते पान पान वाचत गेली.

त्या दिवशी गाव सापडलं. रेल्वेचा एक इंग्रज, पटकीनं मेला, घाटातच पुरला. खाली पाद्र्यानं लिहिलं होतं की त्यानं ठेवलेली बाई अमुक गावची, तिची मुलगीही गेली, बाईच्या लोकांनी ती पुरली. म्हणजे साहेब पळाला नव्हता. हे सांगायला आम्ही हौसेनं फोन लावला आणि शेवटची ओळ फोन चालू असतानाच वाचली.

"मावशी, ठेवू नका फोन," सून म्हणाली आणि परत पानात शिरली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "आई, हा माणूस ज्याला पुरतो त्याचं वय लिहितो, दिवस लिहितो, जागा लिहितो. या मुलीचं काहीच नाही. त्यानं प्रेत बघितलेलंच नाही. कोणीतरी सांगितलं, त्यानं लिहिलं."

"कोण सांगणार?" मी म्हटलं. "बापानं तर डोळे मिटलेले."

"आईनं."

फोनमधला कान हलला. "काय म्हणून सांगितलं तिनं?" मावशीनं विचारलं.

"मुलगी गेली म्हणून. तिच्या लोकांनी पुरली म्हणून."

"पुरली कुठं? विकली की तिला!"

नात तिकडे सोफ्यावर मोबाईल बघत होती. ती उठून बसली आणि तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "सेल द बेबी? सिरियस आह, आजी?"

मी तिला गप्प बसवलं. मला ते ठाऊक होतं, फक्त पाद्र्याशी जोडलं नव्हतं. आमच्याकडे साथीत पोरं दगावायला लागली की उरलेल्या पोराला सुपात घालून उकिरड्यावर ठेवत. सुईण येऊन उचलायची. मग आई ते तिच्याकडून सूपभर कोंड्याला विकत घ्यायची. त्यानंतर कोणी विचारलं तर आईनं "माझं पोर गेलं, हे सुइणीचं" असंच म्हणायचं, म्हणजे मरीआईला वाटतं इथं न्यायला काही उरलं नाही. आजीला असंच विकलं होतं. विकत घेतलेल्या पोरीचं नाक उलट्या बाजूला टोचत, तिची नथ त्यामुळं उजव्या बाजूला होती.

"मग तिनं पाद्र्याला तेच सांगितलं," मावशी म्हणाली. "माझी पोर गेली. रीतच ती."

सून अजून वाचत होती. पुढच्याच पानावर तिला दुसऱ्या एका साहेबाचा मुलगा सापडला. आई तिथलीच, बाप त्याच साथीत गेलेला. त्या पोराला पाद्र्यानं दूरच्या अनाथ शाळेत पाठवलं होतं. आईचं पुढं काय झालं ते कुठंच नव्हतं. सुनेनं ते वाचून दाखवलं, पण या वेळी आधी फोनकडे बघून, सावकाश.

"अगं बाई," मावशी म्हणाली. "म्हणजे तिनं मरीआईलाही फसवलं आणि पाद्र्यालाही."

एका वाक्यात दोघांना. नवरा मेलेला, अंगावरची पोर आजारी, आणि समोर परका माणूस हातात वही घेऊन उभा. मला तिथं उभं केलं असतं तर मी रडले असते आणि पोर गमावून बसले असते. आणि पुढं सगळं गाव साहेब पळाला म्हणत असताना तिनं ते खोडून काढलं नाही. मेला म्हणून सांगितलं असतं तर कुठं मेला, कधी मेला, पोर कशी राहिली, अशी चौकशी झाली असती. पळालेल्या माणसाच्या पोरीला शोधत कोणी येत नाही. टाकलेली म्हणवून घेतलं आणि पोर राखली. सुशिक्षित असो वा अडाणी, इतकं घट्ट तोंड मी दुसऱ्या बाईचं पाहिलं नाही, आणि माझं तर नाहीच.

"त्याला नक्की पटकीच झाली होती ना?" मावशीनं परत विचारलं.

"हो मावशी. लिहिलंय तसं."

"आणि टाकली नव्हती."

"नाही."

फोन एकदम हलला, ओटा दिसला, मग छप्पर दिसलं. मावशी काठी शोधत होती. "चालू ठेवा," ती ओरडली. "शेजारच्या रांडेला सांगून येते. तुमच्यासमोर सांगते." तिच्या सुनेचा आवाज आला, "अहो सासूबाई, जेवून तरी जा!" मावशी थांबली नाही.

माझी सून हसत होती आणि डोळे पुसत होती. मी तिला म्हटलं, "रडतेस काय, चहा टाक." ती उठली नाही, पान बंद करायच्या आधी सगळं उतरवून घेत बसली. चहा मीच टाकला.

घाटातल्या त्या पटकीत साहेब वाचला नाही. माझी पणजी वाचली आणि तिची मुलगी वाचली.