चिमणाबाईंचे तित्तर

शिवाजी पेठेत तालमीच्या कोपऱ्यावर चिमणाबाईंनी वीस वर्षं मसालेदार चुरमुऱ्यांचं भडंग विकलं. फुटबॉलची मॅच असली की दुपारीच डबा रिकामा व्हायचा. पुढं गुडघे कुरकुरायला लागले, तशा त्या गडमुडशिंगीला लेकीकडं राहायला आल्या. पण नुसतं बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

लेकीच्या घरामागं हंबीररावांचा मळा. पलटणीतून सुभेदार होऊन परतलेल्या या माणसाला तित्तरांचा भारी नाद. जाळीच्या लांबलचक खुराड्यात चाळीस पाखरं होती. त्यांच्या दाणापाण्याचं काम चिमणाबाईंनी आपणहून मागून घेतलं. ही अडुसष्ट सालची गोष्ट. दाणा टाकताना त्या पाखरांना गिऱ्हाइकांसारखं दटावायच्या, "ढकलाढकली करू नगा, समद्यास्नी मिळतंय."

श्रावणात पाखरं बिघडली. मान ताणून चोच उघडायची, खोकल्यासारखा आवाज काढायची, डोकं झटकायची. गारठा लागला असेल म्हणून हंबीररावांनी जाळीला गोणपाटं बांधली. तरी दोन पाखरं गेलीच. मग गुरांचे डॉक्टर दत्तोपंत आले. त्यांनी मेलेल्या पाखराची श्वासनळी चिरून दाखवली. आत लाल दोऱ्याचे तुकडे असावेत तसे किडे चिकटले होते.

"जंत पोटात असत्यात न्हवं?" चिमणाबाईंनी विचारलं.

"हे गळ्यातले, मावशी. पाखरं मातीतली गांडुळं टिपतात, त्यातून येतात. एकेकाला धरून औषध पाजाल तर धसक्यानंच मरतील. ही पूड दाण्यातून द्या, दहा दिवस. दुसरं काही खायला घालू नका."

तीन दिवस झाले, खोकला तसाच. हंबीरराव वैतागले. "ह्या पुडीत दमच न्हाय."

चिमणाबाई जाळीला नाक लावून बसल्या आणि पाखरं कशी खातात ते बघत राहिल्या. तित्तर बाजरीचा दाणा नेमका उचलायचे, झटकायचे आणि गिळायचे. पूड तेवढी परातीच्या तळाशी साचलेली.

"सुभेदार, औषध पोटात गेलंच न्हाय की. परातीतच ऱ्हायलंय."

"मग पाण्यातनं देऊया."

"डाक्टरांनी दाण्यातनंच सांगितलंय. कोरड्या चुरमुऱ्याला मसाला चिकटतोय व्हय? आधी तेलाचा हात लावाय लागतोय."

त्यांनी बाजरीवर चमचाभर शेंगतेल टाकलं, दोन्ही तळहातांनी चोळलं आणि वरून पूड भुरभुरत परात पाखडली. दाणा न् दाणा पांढरा झाला. इतक्या वर्षांनी हाताला जुनं काम सापडलं तसं त्यांना बरं वाटलं. दांडगे नर आधी ताव मारतात हे ध्यानात आल्यावर त्यांनी एका परातीच्या चार केल्या. एक मादी फारच अशक्त होती, तिला पाटीखाली वेगळं ठेवून खाऊ घातलं. हंबीररावांना खुराड्याची वरची माती खरवडून चुना टाकायला लावलं. सुभेदार हुकूम मिळाल्यासारखे फावडं घेऊन लागले.

एक पाखरू तरीही वाचलं नाही. बाकीची आठवड्याभरात सावरली. एका सकाळी चिमणाबाई चहा गाळत असताना खुराड्यातून एक नर ओरडला, त्याला दुसऱ्यानं जबाब दिला, आणि बघता बघता सगळा मळा घुमायला लागला. गाळणी तशीच हातात धरून त्या परसात आल्या. हंबीरराव धोतर सावरत उभे होते, तोंडभर हसत.

डॉक्टरांनी ही तऱ्हा वहीत उतरवून घेतली. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. नेसरीच्या बाळासोंनी पाळलेले लावे पक्षी असेच खोकत होते. "मावशी, याल का एकदा?"

चिमणाबाई नवं लुगडं नेसून एस्टीत बसल्या. तेलाची तऱ्हा कानावर आल्यामुळं बाळासोंनी आधीच तयारी करून ठेवली होती, बाजरी तेलात नुसती पोहत होती.

"पावणं," चिमणाबाई म्हणाल्या, "लाव्यांस्नी औषध द्यायचं हाय का भजी तळायची हायत?"

बाळासोंची बायको पदराआड हसली. चिमणाबाईंनी बाह्या सारल्या आणि कोरडी बाजरी मागवली.