अर्धवट गोष्ट

दवाखान्यात त्यांना सगळे तारकाका म्हणत. पेशंटच्या डोक्याला तारा चिकटवायच्या, मेंदू आपणहून काय चुळबुळ करतो ते यंत्राला टिपू द्यायचं, मग आत माणूस कितपत जागा आहे, ते यंत्र शंभरपैकी आकड्यात सांगणार. मोजणी चालू असताना बोलायचं नाही, हात लावायचा नाही. बोलक्या काकांना ही शिक्षाच.

त्यावर त्यांनी तोड काढली होती. तारा लावताना गोष्ट सांगायची आणि ऐन रंगात आली की थांबायचं. "बाकीची मोजणी झाल्यावर. हलायचं नाही!" शेवट ऐकायच्या आशेने भलेभले गुमान पडून राहत.

आज कॉटवर एक घड्याळदुरुस्तीवाले होते. अपघातापासून डोळे उघडले नव्हते. मागच्या खेपेला काका रजेवर होते. आकडा आला एकवीस. आजही तिशीच्या आत आला, तर श्वासाची नळी काढायची होती. त्यांची मुलगी भिंतीला चिकटून उभी होती.

सवयीने काका सुरू झाले. "एक माणूस घरी आला. दार आतून बंद. वाजवलं, तर आतून त्याच्याच आवाजात विचारलं, 'कोण आहे?' ...बाकीची नंतर."

"काका, ते ऐकणारेत का?" डॉक्टरीणबाई हसल्या.

"मॅडम, निदान उलट बोलत तरी नाहीत."

मोजणी सुरू झाली. आकडा चढू लागला. अठ्ठावन्न.

"यंत्र बिघडलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि वायर तपासायला वाकल्या.

मोजणी झाली, म्हणजे शेवट सांगायला हवा. यंत्र अजून चालू आहे, हे काकांच्या ध्यानातच आलं नाही. "तर तो म्हणाला, 'मी आहे.' आतून उत्तर आलं, 'मग मी कोण?' संपली गोष्ट."

घड्याळजींचा चेहरा तसाच होता, मेणासारखा. आकडा मात्र घरंगळत खाली आला. चाळीस. तीस. वीस.

"बघा, आता बरोबर दाखवतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकांना उमगलं. आत कोणीतरी कान लावून बसलं होतं, आणि गोष्ट संपवून आपणच त्याला निरोप दिला.

"मॅडम, एकदाच परत मोजू."

ते कॉटवर वाकले. "घड्याळजी, दुसरी ऐका. एका विहिरीतून रोज कोणीतरी हाक मारायचं. एक दिवस एकाने ओ दिली..."

ते थांबले. कोणी हललं नाही. वीस. तेवीस. एकतीस. सत्तेचाळीस.

डॉक्टरीणबाईंचा हात नळीजवळून मागे आला.

"काका," मुलगी कुजबुजली, "ही संपवू नका हं."