टाळ्या वाजवायचं गाणं नाही ते

रविवार, अकरा जानेवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. मानोरा गावाजवळच्या बंजारा तांड्यावर एका बाईच्या रडण्यावर बसभर परदेशी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथेच होते, म्हणून वेळ पक्की सांगते.

ती बाई म्हणजे शेवंता, माझी लहानपणची मैत्रीण. आमचं शेत तिच्या माहेरच्या तांड्याला लागून. अमरावतीच्या कॉन्व्हेंटमधून मी सुट्टीत घरी यायचे आणि नन्सनी घासूनपुसून शिकवलेलं इंग्रजी दोन दिवसांत तिच्या बोरीखाली विसरायचे...

बंजारा नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडते. त्याला ढावलो म्हणतात. स्वतःच्या पाठवणीला शेवंता आईच्या, भावाच्या, गोठ्यातल्या गाईच्यासुद्धा गळ्यात पडली... आणि मग माझ्या. रडता रडता तिने माझं नाव गाण्यात घेतलं. त्यानंतर थेट या रविवारपर्यंत कुणी घेतलं नाही.

तर रविवारी मी तिच्या सासरच्या तांड्यावर तिला भेटायला गेले होते, तेव्हा टूरवाल्यांची बस आली. फोटो झाले, नाच झाला, ज्वारीची भाकरी झाली. त्यात मला काही वावगं दिसलं नाही; पेटीतले आरशांचे घागरे निदान बाहेर निघाले.

पण गाइडला आणखी 'ऑथेंटिक' काहीतरी हवं होतं. त्याने ढावलोची फर्माईश केली. पोरगी निघाल्याबिगर हे गात नाहीत, असं शेवंताने दोनदा सांगितलं. तो हात जोडत राहिला. आणि दारी आलेल्या माणसाला नाही म्हणणं तिला कधीच जमलेलं नाही.

ढावलो एकटीने उभं राहून गाता येत नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याच गळ्यात पडली. दोन ओळींत आवाज फाटला, तिसऱ्या ओळीत माझं नाव आलं... आम्ही दोघी म्हाताऱ्या खऱ्याखुऱ्या रडलो.

आणि टाळ्या. गाइडने ते 'आनंदाचं लग्नगीत' म्हणून सांगितलं होतं. मी डोळे पुसले आणि नन्सच्या इंग्रजीत ते खरं काय होतं ते सांगितलं. एक पिकल्या केसांची पाहुणी शेवंताचा हात धरून जमिनीवर बसून राहिली. त्या लोकांवर माझा राग नाही.

राग पुढचा आहे. परवा टूर कंपनीने आमच्या त्या रडण्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. मागे ढोलकी जोडलेली, वर लिहिलेलं 'हॅपी ट्रायबल वेडिंग'. शेवंताला तो तिच्या सुनेने दाखवला. शेवंताचा मला फोन आला.

"नातीचं लगन तोंडावर आलं, कुमुद. लोकायनं माह्या रडण्यावर आधीच टाळ्या वाजवून टाकल्या. आता तिच्या गळ्यात पडून मी कशी रडू?"

याचं उत्तर कंपनीने द्यावं. इथे नाव लिहून त्यांची फुकट जाहिरात करणार नाही, त्यांना माझी मेल गेली आहे.

नातीची पाठवणी पाच फेब्रुवारीला आहे. व्हिडिओ काढा, माफी मागा, आणि तसं लेखी उत्तर वीस जानेवारीला संध्याकाळी पाचच्या आत तांड्यावर शेवंताच्या हातात पोहोचवा. मराठीत लिहा. तिला वाचता येत नाही... मी वाचून दाखवीन.